व्हर्च्युअल मशीन: चालवणं फुकट, ठेवणं महाग

व्हर्च्युअल मशिनं सांभाळणारी लिबव्हर्ट ही लायब्ररी फुकट आहे. तिच्यासोबत येणारी व्हर्श ही कमांड फुकट आहे. तेच काम माउसने करायचं तर व्हर्ट-मॅनेजर, ब्राउझरमधून करायचं तर कॉकपिट, तीही फुकट. लायसन्स फी नाही, वार्षिक नूतनीकरण नाही, मशीनमागे दर नाही. कोटेशनमध्ये कुणी ‘लिबव्हर्ट लायसन्स’ म्हणून आकडा टाकला असेल तर तो खोडायला लावा. बसवण्याची मजुरी आणि देखभालीचा करार या वेगळ्या गोष्टी. त्यांचे पैसे जरूर द्या, पण कागदावर त्याच नावाने लिहून घ्या.

तुमचे पैसे जातात ते खालच्या मशीनसाठी: प्रोसेसर, डिस्क, आयपी पत्ता, बाहेर जाणारा डेटा, बॅकअप, कर. यातलं काहीच व्हर्शच्या यादीत दिसत नाही. लिबव्हर्टचा जो भाग खालच्या यंत्रणेशी बोलतो तो ड्रायव्हर; त्याला मशीन चालू आहे की बंद एवढं कळतं. मीटर चालू आहे की बंद, हे कळत नाही. खर्च फसतो तो बहुतेक इथेच.

ड्रायव्हर कुठे लागतो, कुठे नाही

पैसे भरण्याआधी हे तपासा. लिबव्हर्टचे ड्रायव्हर केव्हीएम, झेन, एलएक्ससी, व्हीएमवेअर ईएसएक्स, हायपर-व्ही, व्हर्च्युअलबॉक्स अशांसाठी आहेत. म्हणजे सर्व्हर तुमच्या ऑफिसात असो वा डेटा सेंटरमध्ये अख्खा भाड्याने घेतलेला असो, हायपरव्हायजर, म्हणजे मशिनं चालवणारा थर, तुमच्या ताब्यात असेल तर काम होतं. अॅमेझॉन, अॅझ्युर, गुगल यांच्या क्लाउडसाठी लिबव्हर्टमध्ये ड्रायव्हर नाही. एके काळी ओपननेब्युला क्लाउडसाठी एक होता, तो पुढे काढून टाकला गेला. तेव्हा ‘लिबव्हर्टवरून तुमची अॅमेझॉनची मशिनं सांभाळून देतो’ असं कुणी म्हणालं, तर कोणत्या ड्रायव्हरने ते विचारा.

या मोठ्या क्लाउडांना एकाच ठिकाणाहून हाकायचं असेल तर वेगळी साधनं लागतात. पायथॉन येणाऱ्यांसाठी अपाचे लिबक्लाउड, फायलीत लिहून ठेवून मशिनं उभी करायची तर ओपनटोफू किंवा टेराफॉर्म. टेराफॉर्मचं लायसन्स ऑगस्ट 2023 मध्ये बदललं; स्वतःच्या कामापुरतं वापरायला त्याने अडत नाही, पण तेच उत्पादन म्हणून विकायचा विचार असेल तर आधी अटी वाचा. टेराफॉर्मसाठी लिबव्हर्टचा प्रोव्हायडरही मिळतो. थोडी मशिनं स्वतःच्या सर्व्हरवर आणि थोडी भाड्याची, अशा मिश्र व्यवस्थेला मला तोच मार्ग सोयीचा वाटतो.

प्रॉक्समॉक्सबद्दल बरेच जण विचारतात. तेही केव्हीएमच चालवतं, पण लिबव्हर्ट वापरत नाही. व्हर्शला तिथली मशिनं दिसणार नाहीत. ओपनस्टॅक आणि ओपननेब्युला मात्र आतून लिबव्हर्टच वापरतात. म्हणून तिथे खालून व्हर्श चालवायचा मोह आवरा. खाली मशीन बंद केलं आणि वरच्या पॅनेलला सांगितलं नाही, तर नोंद एक आणि परिस्थिती दुसरी असा घोळ होतो.

व्हीएमवेअर असेल तर आणखी एक खाच आहे. ईएसएक्सआयच्या फुकट आवृत्तीत बाहेरून बदल करण्याची मुभा नसते. लिबव्हर्टला मशिनं दिसतात; पण सुरू, बंद, नवीन काही करता येत नाही. पूर्ण मुभा हवी तर पैसे भरायचे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर घेतल्यानंतर कायमची लायसन्सं विकणं बंद झालं, आता वर्गणी आहे. मोजणी कोअरवर होते आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान 16 कोअर धरले जातात. तुमच्या प्रोसेसरला 8 कोअर असले तरी 16 चे पैसे. तिथून केव्हीएमवर यायचं असेल तर व्हर्ट-व्ही2व्ही हे रूपांतराचं साधनही फुकट आहे. ‘मायग्रेशन टूल’चे वेगळे पैसे मागणाऱ्याला हे नाव सांगून बघा.

भाड्याच्या मशीनमध्ये पुन्हा मशिनं

क्लाउडवर एक मोठं मशीन घ्यायचं, त्यात केव्हीएम बसवायचं आणि आत दहा छोटी मशिनं करायची, हा सगळ्यांना सुचणारा शॉर्टकट. तो सगळीकडे चालत नाही. गुगलवर सोय आहे, पण ई2 या स्वस्त मालिकेवर नाही. अॅझ्युरवर ठरावीक मालिकांवरच आहे. अॅमेझॉनवर ‘मेटल’ प्रकारचं, म्हणजे अख्खा सर्व्हर देणारं, मशीन घेतलं तर खात्रीने चालतं आणि त्याचा दर छोट्या मशीनच्या कित्येक पट असतो. वर्षभराचं पॅकेज घेण्याआधी तासाच्या दराने एक मशीन घ्या, व्हर्ट-होस्ट-व्हॅलिडेट ही तपासणी चालवा, केव्हीएमच्या ओळीवर ‘फेल’ आलं तर मशीन हटवा. दहा मिनिटांचं काम आहे.

अख्खा सर्व्हर भाड्याने घेतलात तर हा प्रश्न येत नाही, मग आयपीचा येतो. आतल्या प्रत्येक मशीनला बाहेरचा पत्ता हवा असेल तर जादा आयपीचे महिन्याला पैसे लागतात, काही ठिकाणी सुरुवातीची फीसुद्धा. हेट्झनर, ओव्हीएच अशा कंपन्यांकडे त्या जादा पत्त्यासाठी त्यांनी दिलेला मॅक पत्ताच वापरावा लागतो. लिबव्हर्ट आपल्या मनाने मॅक पत्ता देते. तो तसाच बाहेर गेला तर कंपनीकडून गैरवापराची नोटीस येते आणि दखल घेतली नाहीत तर सर्व्हर बंद होऊ शकतो. एक-दोन वेबसाइटच चालवायच्या असतील तर जादा आयपी घेऊच नका. लिबव्हर्टचं आतलं नॅट नेटवर्क आणि पुढे एक रिव्हर्स प्रॉक्सी पुरतो.

कागदपत्रं

अॅमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट यांच्या भारतीय कंपन्या रुपयांत बिल देतात आणि जीएसटीचं इनव्हॉइस मिळतं. तयार ठेवा: पॅन, पत्ता असलेलं ओळखपत्र (पासपोर्ट, मतदार कार्ड किंवा लायसन्स), व्यवसायाच्या नावाने खातं असेल तर जीएसटी प्रमाणपत्र, आणि ओटीपी येणारा स्वतःचा मोबाइल. ‘एवढी चौकशी कशाला’ असं वाटलं तर कारण आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार व्हीपीएस आणि क्लाउड देणाऱ्यांना ग्राहकाची पडताळलेली माहिती 5 वर्षं जपून ठेवावी लागते. त्याच निर्देशांत तुमच्यावरही बोजा आहे: सर्व्हरवर घुसखोरीसारखी घटना झाली तर लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचं आणि लॉग 180 दिवस ठेवायचे. लॉगची डिस्क हिशेबात धरा.

खातं कुणाच्या नावाने उघडायचं? तुमच्याच. सर्व्हर लावून देणाऱ्याच्या ईमेलवर आणि त्याच्या कार्डवर खातं असेल तर मशीन त्याचं, तुम्ही फक्त पैसे देणारे. मालकीचा ईमेल आणि दुहेरी पडताळणीचा मोबाइल तुमच्याकडे ठेवा आणि त्याला वेगळा युजर काढून द्या. हे पहिल्याच दिवशी करा. वाद झाल्यावर होत नाही.

जीएसटी नंबर पहिलं बिल निघण्याआधी भरा. नंतर भरलात तर जुनी इनव्हॉइसं दुरुस्त करून घेताना दमछाक होते आणि तेवढं इनपुट क्रेडिट हातचं जातं. परदेशी कंपनीकडून सेवा घेत असाल आणि तुमचा जीएसटी नंबर तिथे दिलेला असेल, तर ती कर लावत नाही. रिव्हर्स चार्जखाली तो तुम्हाला भरायचा असतो. बिलात कर दिसला नाही म्हणून कर नाही असं धरू नका. नोंदणी नसेल तर 18 टक्के बिलातच लागतात आणि ते परत मिळत नाहीत. तुमच्या सीएला या दोन ओळी दाखवा.

कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते बँकेच्या अॅपमध्ये पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर ते सुरुवातीला बंद असतात. आपोआप कपातीची मर्यादा एका वेळी 15,000 रुपये. बिल त्यापुढे गेलं की दर वेळी ओटीपी लागतो. तो संदेश तुमच्या सुट्टीत आला आणि पाहिला गेला नाही तर पैसे थकतात, मग मशीन थांबतं. मासिक बिल 15,000 च्या आसपास जात असेल तर आधी रक्कम जमा करण्याची किंवा बँक ट्रान्सफरची सोय आहे का ते विचारा.

एका मशीनचा खरा हिशेब

हिशेबासाठी डॉलर 90 रुपये धरू. दर बदलतात, भरण्याआधी कंपनीच्या पानावर एकदा पडताळा.

डिजिटलओशनच्या बंगळूर केंद्रातलं 1 जीबी मेमरी, 25 जीबी डिस्कचं साधं मशीन महिन्याला 6 डॉलर, म्हणजे 540 रुपये. आठवड्याचा बॅकअप सुरू केलात की 20 टक्के जादा: 648. जीएसटी 18 टक्के: 765. कार्डाचं परकीय चलन शुल्क साडेतीन टक्के आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी: 796 च्या आसपास. जाहिरातीतल्या 540 चे 796 असे होतात, आणि यात कुणी फसवलेलं नाही. बजेट लिहिताना डॉलरच्या आकड्याला सरळ दीडने गुणा.

अॅमेझॉनच्या मुंबई केंद्रात मशीनचा तासाचा दर हा बिलाचा एक भागच. बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक आयपीव्ही4 पत्त्याला 1 फेब्रुवारी 2024 पासून तासाला अर्धा सेंट लागतो, मग तो वापरात असो वा पडून असो. महिन्याचे 3.60 डॉलर, 324 रुपये, वर कर. प्रयोगासाठी घेऊन विसरलेले 5 पत्ते म्हणजे करासकट 1,900 रुपये दर महिन्याला. 100 जीबी डिस्क साधारण 9 डॉलर, म्हणजे 810 रुपये.

मोठा धक्का बाहेर जाणाऱ्या डेटाचा. आत येणाऱ्याला पैसे नाहीत. बाहेर जाणारे पहिले 100 जीबी महिन्याला माफ, पुढे मुंबईतून जीबीला सुमारे 11 सेंट. तुमच्या साइटवरून महिन्याला 500 जीबी गेले, तर 400 जीबीचे 44 डॉलर: जवळपास 4,000 रुपये, कर वेगळा. वरच्या 6 डॉलरच्या मशीनमध्ये 1,000 जीबी आत धरलेले आहेत आणि त्यापुढे जीबीला एक सेंट. व्हिडिओ, पीडीएफ, फोटो देणारी साइट असेल तर मशीनचा दर नंतर पाहा, डेटाचा आधी. कोचिंग क्लासची रेकॉर्डिंगं मोठ्या क्लाउडच्या मशीनवरून थेट देणं हा सगळ्यात महाग प्रकार.

बंद म्हणजे बंद नव्हे

हा भाग दोनदा वाचा. डिजिटलओशनवर मशीन बंद केलं तरी पूर्ण दर चालू राहतो, कारण डिस्क, मेमरी आणि पत्ता तुमच्यासाठी राखलेले असतात. कुलूप लावलेल्या भाड्याच्या खोलीसारखं. पैसे थांबवायचे तर मशीन डिस्ट्रॉय करावं लागतं. अॅमेझॉनवर बंद केलं की प्रोसेसर-मेमरीचे पैसे थांबतात. डिस्कचे आणि राखून ठेवलेल्या पत्त्याचे थांबत नाहीत. अॅझ्युरवर लिनक्सच्या आतून शटडाउन केलंत तर मीटर चालूच. पॅनेलमधून थांबवून ‘डीअॅलोकेटेड’ अशी अवस्था दिसली पाहिजे.

आता घातक भाग. लिबव्हर्टमध्ये व्हर्शची डिस्ट्रॉय ही कमांड काहीही नष्ट करत नाही. ती फक्त वायर उपटल्यासारखं मशीन बंद पाडते, डिस्क जशीच्या तशी राहते. क्लाउडच्या पॅनेलवरचा डिस्ट्रॉय मात्र मशीन आणि डिस्क दोन्ही घेऊन जातो. दोन्हीकडे काम करणाऱ्या मुलांना हे पहिल्या दिवशी सांगा. लिबव्हर्टमध्ये मशीनची नोंद काढायची तर अनडिफाइन, आणि डिस्कची फाइलही काढायची तर त्याच कमांडला स्टोरेज काढण्याचा पर्याय जोडावा लागतो. तो जोडला नाही तर फायली साचत जातात, आणि ‘डिस्क भरली, नवीन घ्या’ असं कोटेशन येतं. नवीन डिस्क घेण्याआधी इमेजेसचं फोल्डर उघडून पाहा.

स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. तो त्याच सर्व्हरवर असेल तर डिस्क गेली की दोन्ही गेलं. क्लाउडवरचे विसरलेले स्नॅपशॉट दरमहा पैसे खातात. डिजिटलओशनवर जीबीला 6 सेंट. महिन्याच्या एक तारखेला तीन याद्या बघायची सवय लावा: न जोडलेल्या डिस्क, न वापरलेले पत्ते, जुने स्नॅपशॉट.

फुकटच्या योजना

अॅमेझॉनवर 15 जुलै 2025 नंतर उघडलेल्या खात्यांना 200 डॉलरपर्यंत क्रेडिट मिळतं, आणि फुकट योजना 6 महिन्यांत किंवा क्रेडिट संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा संपते. जुन्या लेखांतलं ‘12 महिने फुकट’ आता विसरा. गुगल 300 डॉलर 90 दिवसांसाठी देतं, अॅझ्युर 200 डॉलर 30 दिवसांसाठी. गुगलचं कायम फुकट छोटं मशीन अमेरिकेतल्या ठरावीक केंद्रांतच आहे. तेच मुंबईत उभं केलंत तर पहिल्या तासापासून बिल. ओरॅकलचं कायम फुकट मशीन तुम्ही नोंदणीच्या वेळी निवडलेल्या केंद्रातच मिळतं, ते केंद्र नंतर बदलता येत नाही, आणि मशीन रिकामं पडून राहिलं तर कंपनी परत घेऊ शकते. ग्राहकाचं काम अशा मशीनवर ठेवू नका.

बजेटची सूचना लावा, पण तिच्यावर विसंबू नका. अॅमेझॉन आणि गुगल दोन्हीकडे ती सूचना ईमेल पाठवते. मशीन आपोआप थांबवत नाही.

स्वतःचा सर्व्हर

ऑफिसात जुना सर्व्हर असेल तर केव्हीएम आणि लिबव्हर्ट बसवायला अर्धा तास पुरतो. उबुंटू किंवा डेबियन, आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू असल्याची खात्री. खर्च विजेचा. सतत 200 वॉट घेणारा सर्व्हर महिन्याला 144 युनिट जाळतो. युनिटला 12 रुपये पडत असतील तर 1,728 रुपये. एसी, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि इंटरनेटवाल्याकडून घेतलेला स्टॅटिक आयपी वेगळा. दोन-तीन छोट्या मशीनसाठी हे परवडत नाही. आठ-दहा मशिनं सतत चालवायची असतील, किंवा विद्यार्थ्यांच्या लॅबसाठी रोज उभी करून रोज मोडायची असतील, तर परवडतं.

आत विंडोज चालवणार असाल तर त्याचं लायसन्स लागतंच, केव्हीएम फुकट असलं तरी. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड सर्व्हरचे सगळे कोअर धरून घ्यावं लागतं, किमान 16. त्यात दोन व्हर्च्युअल मशिनं बसतात, तिसऱ्यासाठी पुन्हा तेवढंच. विंडोज बसवताना डिस्क दिसत नसेल तर मशीन बिघडलेलं नाही. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ फाइल जोडा, ती फुकट मिळते.

बसवून झाल्यावर, बिल चुकतं करण्याआधी, बसवणाऱ्यासमोर चार गोष्टी तपासा. सर्व्हर रीस्टार्ट करा: मशिनं आपोआप उठली पाहिजेत. उठली नाहीत तर ऑटोस्टार्ट लावलेलं नाही. दुसऱ्या लॅपटॉपवरून एसएसएच मार्गे जोडून यादी दिसते का पाहा. यादी रिकामी आली तर घाबरू नका, बहुधा ‘सिस्टम’ऐवजी ‘सेशन’ला जोडलं गेलंय, या दोन याद्या वेगळ्या असतात. पोर्ट 16509 इंटरनेटवर उघडा नाही ना, ते विचारा; ते एन्क्रिप्शनशिवायचं दार आहे. तसेच 5900 पासूनचे स्क्रीनचे पोर्ट. आणि लिबव्हर्ट गटात कोण कोण आहे ती यादी मागा. त्या गटातला माणूस जवळजवळ रूटइतकाच ताकदवान असतो. काम संपलेल्या फ्रीलान्सरचं नाव तिथे राहिलं असेल तर त्याच दिवशी काढा.

सोडून जाताना

घेण्याआधी सोडण्याची वाट विचारा. डिजिटलओशनवरून स्नॅपशॉट डाउनलोड करता येत नाही. आतून डेटा कॉपी करून नवीन मशीन उभं करावं लागतं. अॅमेझॉनवरून काही मशिनं फाइल म्हणून काढता येतात, पण त्यांनीच दिलेल्या विंडोजची नाही. बाहेर काढलेली फाइल केव्हीएमच्या नमुन्यात आणायला क्यूईएमयू-इमेज हे साधन पुरतं. कायमचं सोडताना बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे अॅमेझॉन आणि गुगल 2024 पासून माफ करतात, पण आपोआप नाही: सपोर्टला आधी विनंती करायची, मंजुरी घ्यायची, मग डेटा हलवायचा. आधी हलवून नंतर विचारलंत तर बिल भरावं लागेल.

खातं बंद करण्याआधी सगळी जीएसटी इनव्हॉइसं उतरवून घ्या, नंतर लॉगिन मिळेलच असं नाही. मग प्रत्येक केंद्र एकेक करून उघडून पाहा. मुंबईतलं सगळं हटवलं तरी हैदराबाद किंवा सिंगापूरमध्ये कुणी प्रयोगाला काढलेली डिस्क राहिलेली असते. शेवटी बँकेच्या अॅपमधून ऑटो-डेबिटचं मँडेट रद्द करा. पुढच्या महिन्याचं बिल शून्य आलेलं पाहिल्याशिवाय कार्ड मात्र काढू नका: थकलेली छोटी रक्कमही पुढे त्रास देते.